मैदानाबाहेरचा नायक

क्रिकेटच्या संघात कर्णधार स्वतः मैदानावर उभा असतो. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बेसबॉल या खेळाची रीत निराळी आहे. तेथे नऊ खेळाडू मैदानात उतरतात. परंतु कोणी खेळावे, कोणी बसावे, चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, केव्हा बदलावा, हे ठरविणारा गृहस्थ मैदानाच्या कडेला बसलेला असतो. त्यास संघाचा मॅनेजर म्हणतात. चेंडूला हात न लावता त्याने संघास विजय मिळवून द्यावयाचा असतो. हे काम किती कठीण आहे, ते कॉनी मॅक यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

मॅक यांचा जन्म 1862 साली मॅसॅच्युसेट्स राज्यात एका गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी बुटांच्या कारखान्यात काम केले. पुढे ते बेसबॉलपटू झाले आणि 1901 पासून 1950 पर्यंत, म्हणजे तब्बल 50 हंगाम, फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघाचे मॅनेजर राहिले. इतर मॅनेजर खेळाडूंचा गणवेश घालीत. मॅक मात्र साधा कोट, टाय आणि टोपी घालून बसत. हातातील गुणपत्रकाचा कागद हलवून ते दूरच्या खेळाडूस इकडे सरक, तिकडे सरक अशी खूण करीत. चारचौघांत ते कोणाला टाकून बोलत नसत. चूक झाल्यास त्या खेळाडूस एकट्याला गाठून शांतपणे समजावीत. म्हणूनच खेळाडू त्यांना आदराने ‘मिस्टर मॅक’ म्हणत.

1929 सालची गोष्ट. हॉवर्ड एम्की हा त्यांचा पिचर 35 वर्षांचा झाला होता. त्याचा वेग ओसरला होता. हंगामाच्या अखेरीस मॅक यांनी त्याला संघातून निरोप देण्याचे ठरविले. तेव्हा आपल्या हातात अजून एक मोठा सामना शिल्लक आहे, असे एम्कीने त्यांना सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मॅक यांनी ते ऐकून घेतले. जगज्जेतेपदाच्या मालिकेत गाठ पडणार होती शिकागो कब्ज या संघाशी. मॅक यांनी एम्कीला त्या संघाचे सामने पाहून प्रत्येक फलंदाजाच्या खोडी टिपण्यास धाडले आणि आपला बेत मनातच ठेवला.

8 ऑक्टोबर रोजी शिकागोत पहिला सामना होता. लेफ्टी ग्रोव्हसारखा नामांकित पिचर संघात असताना चेंडू टाकण्यास आला एम्की! त्याचे सहकारीही चकित झाले. परंतु मॅक यांचा हिशेब पक्का होता. वेगवान चेंडू झोडपण्यात तरबेज असलेले ते फलंदाज एम्कीच्या संथ चेंडूंपुढे गोंधळले. त्याने एकट्याने 13 फलंदाजांना हुकवून बाद केले. तो त्या वेळचा विक्रम ठरला. फिलाडेल्फियाने सामना 3-1 असा जिंकला आणि पुढे मालिकाही.

विद्यार्थी मित्रांनो, मॅक यांना सदैव यशच मिळाले असे मात्र समजू नका. पैशाच्या अडचणीमुळे त्यांनी आपले उत्तम खेळाडू दोनदा इतर संघांना विकले, आणि त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली. 1915 साली त्यांचा संघ 109 सामने हरला आणि सलग सात वर्षे तळाशी राहिला. अखेरच्या हंगामातही तो तळाशीच होता. सर्व कारकीर्द मिळून त्यांनी 3731 सामने जिंकले. कोणत्याही मॅनेजरने याहून अधिक जिंकलेले नाहीत. पण त्यांनी हरलेले सामने 3948, म्हणजे जिंकलेल्यांहूनही जास्त!

मग त्यांचे मोठेपण कशात? ज्याचे दिवस संपले असे सारे मानीत होते, त्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. आणि तो नुसता विश्वास न ठेवता त्याला नेमके काम देऊन तयार केले. हरलेल्या संघालाही त्यांनी पुन्हा उभे केले. आपल्या वर्गाच्या संघात मागच्या बाकावरचा एखादा मुलगा ‘मला एकदा संधी द्या’ म्हणाला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास नायकाचे कान हवेत.