ब्राह्मीला ओल हवी, डबके नको

आज आपण ब्राह्मीबद्दल बोलू. जमिनीवर पसरत जाणारी, पेरापेराला मुळं सोडणारी ही वनस्पती. एकदा नीट लागली की उघडी माती झाकून टाकते आणि घरच्या घरी भाजी-चटणीला पानंही देते. पण ती लावताना आपण बहुतेक जणी जागा चुकीची निवडतो. कशी, ते पुढे सांगते.

आधी ओळख. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. एकीचं पान गोलसर, देठाजवळ खाच असलेलं, दातेरी काठाचं. ही मंडूकपर्णी. मंडूक म्हणजे बेडूक. चरकसंहितेत बुद्धीसाठी चार रसायनं सांगितली आहेत, त्यांत हिचा रस आहे. दुसरीची पानं बारीक, जाडसर आणि समोरासमोर असतात, फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, चव कडू. ही नीरब्राह्मी. लावायची पद्धत दोघींची जवळपास सारखी. पण गटाने माल विकायचा असेल तर दोन्ही एकत्र करू नका, कारण घेणाऱ्याला त्यातली एकच हवी असते. ओळख पटत नसेल तर झाडाचा तुकडा घेऊन सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. खात्री झाल्याशिवाय खाऊ नका.

आता जागा. ब्राह्मीला पाणी आवडतं म्हणून आपण ती न्हाणीच्या नालीत लावतो. तिथे ती वाढते जोरात, पण ती पानं खाण्याच्या कामाची नाहीत. ही वनस्पती पाण्यातली आणि मातीतली घाण, जड धातूसुद्धा, शोषून घेते. म्हणून नालीकाठची, खाणीच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळची, तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची ब्राह्मी ताटात नको. न्हाणीचं पाणी केळीला जाऊ द्या. ब्राह्मी वाडीत, पपई किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत लावा आणि तिला माठ विसळलेलं स्वच्छ पाणी द्या.

लावायचा काळ पावसाळ्याची सुरुवात, धानाच्या रोवणीची घाई सुरू होण्याआधी. माती भुसभुशीत करून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. दोन-तीन पेरं असलेले वेलाचे तुकडे घ्या, चार-पाच बोटांच्या अंतराने लावा आणि एक तरी पेर मातीत दाबा. पहिले दोन महिने गवत हाताने उपटा. पुढे वेल दाट झाला की गवताला जागाच उरत नाही.

पाणी किती द्यायचं? मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. वाफ्यात पाणी साचू देऊ नका. आपल्या गडचिरोलीत मलेरिया बराच आहे आणि साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून वाफा थोडा उंच करा आणि जास्तीचं पाणी निघून जायला वाट ठेवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा वाफ्यावर मांडव घालून तणस किंवा पळसाच्या फांद्या टाका आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. वरची पानं करपली तरी मुळं जिवंत असली तर पावसात वेल पुन्हा फुटतो.

साधारण तीन महिन्यांनी पहिली कापणी करा. मुळासकट उपटू नका. जमिनीपासून दोन-तीन बोटं ठेवून विळ्याने कापा, वेल परत वाढेल. विकायची असेल तर सावलीत वाळवा. दाट वेलात साप-विंचू दडून बसू शकतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. वेल दारापर्यंत येऊ देऊ नका.

खाताना पानं दोन-तीन पाण्यांत धुवा, कारण ती मातीला चिकटूनच वाढतात. चटणीत थोडी पानं चालतात. औषध म्हणून रोज घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाई, यकृताचा आजार असलेले आणि झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे यांनी तर नक्कीच विचारावं. आणि घरात कुणाला ताप आला तर ब्राह्मीचा रस पाजत दिवस घालवू नका. त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या.

गटातल्या एकीच्या वाडीतला चांगला वेल बाकीच्या सगळ्यांना पुरतो. रोप विकत घ्यावं लागत नाही आणि रानातला वेल मुळासकट ओरबाडायचीही गरज राहत नाही. येत्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक ओलं फडकं आणा, चार तुकडे त्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी घरी लावा.