कॉन्फरन्सचा चषक आणि राष्ट्रीय जेतेपद: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या दोन स्पर्धा पाठोपाठ होतात. आधी प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या एकेका गटाची, आणि मग एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेची ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा. दोन्ही बाद पद्धतीच्या असल्याने पहिलीच्या निकालावरून दुसरीचं भाकीत करण्याचा मोह होतो. पुरुषांच्या स्पर्धांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

गैरसमज: कॉन्फरन्स जिंकणारा संघच पुढे देश जिंकतो.

वस्तुस्थिती: २०१४ ते २०२५ या काळात ११ राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, २०२० ची कोविडमुळे रद्द झाली. या ११ विजेत्यांपैकी त्याच वर्षी आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धाही जिंकणारे चारच: विलानोवा (२०१८), कॅन्सस (२०२२), यूकॉन (२०२४) आणि फ्लोरिडा (२०२५). उरलेले सातही आधी आपल्याच गटाच्या स्पर्धेत हरले होते. व्हर्जिनियाने २०१८ मध्ये एसीसी या आपल्या कॉन्फरन्सची मोसमभराची साखळी आणि स्पर्धा दोन्ही जिंकल्या, राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोच्च मानांकन मिळवलं आणि पहिल्याच सामन्यात १६ वं मानांकन असलेल्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा पराभव पत्करला. पुढच्या वर्षी हाच संघ एसीसीच्या उपांत्य फेरीत हरला आणि राष्ट्रीय विजेता ठरला.

गैरसमज: मग लवकर हरून विश्रांती घेणंच शहाणपणाचं.

वस्तुस्थिती: २०११ मध्ये यूकॉन बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या साखळीत नववा होता. खेळाडू केंबा वॉकरच्या या संघाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाच दिवसांत पाच सामने जिंकून बिग ईस्टचा चषक घेतला आणि पुढचे सहा सामने जिंकून राष्ट्रीय जेतेपदही मिळवलं. २०२४ मध्ये एनसी स्टेटनेही एसीसीत पाच दिवसांत पाच विजय मिळवले आणि मग देशातल्या शेवटच्या चार संघांत धडक मारली. हरल्यामुळे कोणी बलवान होत नाही आणि जिंकल्यामुळे थकून कोसळेलच असंही नाही.

गैरसमज: कॉन्फरन्सची स्पर्धा ही नुसती औपचारिकता.

वस्तुस्थिती: बड्या गटांतल्या संघांना हरूनही निवड समितीकडून प्रवेश मिळू शकतो. २०२५ मध्ये ३१ संघ आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून थेट आले, तर ३७ समितीने निवडले; एकट्या एसईसी कॉन्फरन्सचे १४ संघ होते. लहान गटातून मात्र बहुधा एकच संघ जातो, तो विजेता. २०१८ मध्ये यूएमबीसीने साखळीत अव्वल ठरलेल्या व्हर्मांटला त्यांच्याच मैदानावर अखेरच्या क्षणी ६५-६२ असं हरवलं, म्हणून तर व्हर्जिनियाशी गाठ पडली. १९७५ पूर्वी बड्या गटांतूनही एकच संघ जाई. १९७४ च्या एसीसी अंतिम सामन्यात मेरीलँड जादा वेळेत एनसी स्टेटकडून १०३-१०० असा हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. एनसी स्टेट त्या वर्षी देशाचा विजेता झाला.

गैरसमज: कॉन्फरन्स स्पर्धेच्या चषकाविना राष्ट्रीय यश अपुरं.

वस्तुस्थिती: प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ दरम्यान दहा राष्ट्रीय जेतेपदं मिळवली, तेव्हा त्यांच्या कॉन्फरन्सची अशी स्पर्धाच नव्हती, साखळीतला अव्वल संघ पुढे जाई. १९७६ चा अपराजित राष्ट्रीय विजेता इंडियाना ज्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये होता, तिथे ही स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली.

काही दिवसांच्या बाद स्पर्धेत एका वाईट संध्याकाळी सगळं संपतं. संघाची खरी ताकद मोसमभराच्या साखळीतच अधिक नीट दिसते. म्हणून कॉन्फरन्सचा चषक राष्ट्रीय स्पर्धेच्या फूटपट्टीने मोजू नये. बड्या संघासाठी तो मानाचा असतो, पण त्यावाचून मार्च संपत नाही. लहान कॉलेजसाठी मात्र तो देशासमोर खेळण्याचा बहुधा एकमेव मार्ग असतो. तिथले खेळाडू पुढे पहिल्याच फेरीत बाद झाले, तरी त्यांचं यश तसूभरही कमी होत नाही.