ग्राफीनची ताकद आणि जोडाचे रसायन

पॉलिमर क्वचितच एकटे वापरले जातात. त्यांत काहीतरी भरावे लागते. टायरच्या रबरात काजळी असते, पीव्हीसी पाइपात चुनखडीची बारीक पूड असते. वाशिम जिल्ह्यात रब्बीच्या हरभऱ्याला पाणी देताना स्प्रिंकलरचे जे काळे एचडीपीई पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलवले जातात, त्यांत सुमारे अडीच टक्के काजळी असते. ती सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते, म्हणून पाइप उन्हात टिकतो. मात्र पॉलिएथिलीनची ताकद ती फारशी वाढवत नाही. ताकदीसाठी भरावाचे कण पातळ, रुंद आणि ताठ असावे लागतात. कणाची निदान एक मिती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात, मोजण्याइतकी लहान झाली की त्या मिश्रणाला नॅनोकंपोझिट म्हणतात.

या क्षेत्राला पहिला मोठा धडा मातीने दिला. वाशिम-अकोल्याच्या काळ्या जमिनीत बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली स्मेक्टाइट गटातील खनिजे भरपूर असतात. मॉन्टमोरिलोनाइट हे याच गटातले. त्याचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. थरांमध्ये पाणी शिरले की ते दूर सरकतात, वाळले की जवळ येतात; पावसाळ्यात काळी जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या यामुळेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी या थरांत नायलॉन शिरवले. त्यासाठी थरांवरचे सोडियम काढून तेथे असा सेंद्रिय रेणू बसवला, की ज्याचे एक टोक मातीला धरते आणि दुसऱ्या टोकापासून नायलॉनची साखळी वाढते. पाचएक टक्के मातीने नायलॉन चांगलेच ताठ झाले आणि ते भाराखाली वाकू लागण्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून १५० च्या आसपास गेले. साध्या, न बदललेल्या मातीने हे साधले नसते.

ग्राफीन हा कार्बनच्या अणूंचा एकच थर. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्याचा ताठपणा सुमारे १,००० गिगापास्कल आणि ताकद सुमारे १३० गिगापास्कल मोजली गेली. पोलादाचा ताठपणा २०० च्या आसपास असतो. एका ग्रॅमचा पृष्ठभाग सैद्धांतिकदृष्ट्या २,६३० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त.

या आकड्यांनी अनेकांची दिशाभूल केली आहे. शुद्ध ग्राफीनला पॉलिमरशी कसलेच सोयरसुतक नसते. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये टाकले की थर एकमेकांना चिकटून पुन्हा ग्रॅफाइटसारखे गठ्ठे होतात, आणि भार आला की पहिला तडा नेमका त्या गठ्ठ्यापासून निघतो. सुटे राहिलेले थरही गुळगुळीत असल्याने पॉलिमर त्यांच्यावरून घसरतो. ताण पॉलिमरकडून थराकडे पोहोचलाच नाही, तर थराची ताकद कितीही असो, ती वाया जाते. खरा प्रश्न जोडाचा आहे.

तो जोड बहुधा ग्राफीन ऑक्साइडपासून सुरू होतो. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी दिलेली कृती आजही थोड्याफार फरकाने वापरली जाते. बर्फात थंड ठेवलेल्या सल्फ्युरिक आम्लात ग्रॅफाइट आणि सोडियम नायट्रेट घेऊन त्यात पोटॅशियम परमँगनेट चिमटीचिमटीने घालतात. घाई केली तर स्फोटाचा धोका असतो. मिश्रण घट्ट, तपकिरी होत जाते आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर पिवळेधमक होते. आता थरांच्या पृष्ठावर इपॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल गट, कडांना कार्बॉक्सिल गट आलेले असतात. थरांमधले ०.३४ नॅनोमीटरचे अंतर दुपटीच्या आसपास जाते आणि ते पाण्यात सहज सुटे होतात.

या गटांना पुढे पॉलिमरच्या स्वभावाप्रमाणे हात जोडले जातात. इपॉक्सीसाठी अमाइन किंवा सिलेन, पॉलिस्टायरीनसाठी आयसोसायनेट. पॉलिएथिलीनचे रेणू अध्रुवीय, म्हणून तेथे मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिएथिलीन मध्यस्थ लागते. मात्र प्रत्येक नवा गट कार्बनच्या जाळीत खोट पाडतो. ग्राफीन ऑक्साइडच्या एका थराचा ताठपणा २०० गिगापास्कलच्या घरात उतरतो. तरीही सौदा फायद्याचा ठरतो, कारण ताण पोहोचवणारा २०० चा थर घसरणाऱ्या १,००० च्या थरापेक्षा उपयोगी.

पुरावा २००९ चा आहे. मुंबई आयआयटीतून शिकलेले निखिल कोरटकर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील रेन्सेलर संस्थेत इपॉक्सीमध्ये वजनाने फक्त ०.१ टक्का ग्राफीन मिसळले. ग्रॅफाइट ऑक्साइड झपाट्याने तापवून सोलल्याने हे थर सुरकुतलेले होते आणि त्यांवर थोडा ऑक्सिजन शिल्लक होता. ताठपणा ३१ टक्के, ताणसामर्थ्य ४० टक्के आणि तडा रोखण्याची क्षमता ५३ टक्के वाढली. तेवढ्याच कार्बन नॅनोनळ्यांनी ताठपणा जेमतेम ३ टक्के वाढवला होता. भराव वाढवत नेला की मात्र लाभ घटू लागतो. गठ्ठे पुन्हा डोके वर काढतात.

वाशिमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्याला यातला एक धागा जवळचा आहे. सोयाबीनच्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असते, आणि इपॉक्सीकरण केलेले हे तेल पीव्हीसी मऊ करण्यासाठी आधीपासून वापरात आहे. त्यापासून रेझिनही बनते, पण ते नरम पडते. त्याला ताठ करण्यासाठी बदललेले ग्राफीन हा विचारात घेण्याजोगा भराव आहे. तेल गाळण्यापलीकडे जाणाऱ्या प्रक्रिया उद्योगाने या वाटेकडे गांभीर्याने पाहावे.

अडचणी खऱ्या आहेत. हमर्स पद्धतीत आम्ल आणि मँगॅनीजयुक्त धुणावळीचे पाणी भरपूर निघते, एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा निघेलच असे नाही, आणि नॅनोकणांची कोरडी पूड हाताळताना श्वासाची काळजी घ्यावी लागते. म्हणून सध्या हे भराव इपॉक्सी, गंजरोधक लेप, खेळसाहित्य अशा महाग वस्तूंत शोभतात. शेतातल्या पाइपाला आज साधी काजळीच पुरेशी आहे. पाइपावर ‘ग्राफीनयुक्त’ छापलेले दिसले, तरी खरेदीदाराने आधी आयएसआय चिन्ह आणि दाबाची श्रेणी पाहावी, आणि ग्राफीनमुळे नेमका कोणता गुण किती वाढला याचा चाचणी अहवाल मागावा.