स्तनाचा कर्करोग : शस्त्रक्रियेच्या टेबलावरच किरणोपचार

परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. कर्करोगाच्या अभ्यासातही या परिसराचा वाटा आहे. १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परांडा आणि भूम या तालुक्यांतील रुग्णांची नोंद तिच्यात होऊ लागली.

स्तनातील गाठ लवकर ध्यानात आली तर केवळ गाठ व तिच्या सभोवतालचा थोडा भाग काढून स्तन राखता येतो. मात्र रोग पुन्हा उद्भवू नये यासाठी पुढे किरणोपचार घ्यावे लागतात. पूर्वी ते पाच-सहा आठवडे चालत, आता बहुधा तीन. तरीही मजुरी बुडवून, लेकरे शेजारणीच्या ओट्यावर सोडून रोज शहर गाठणे कितीजणींना जमते? म्हणूनच अनेक भगिनी संपूर्ण स्तन काढून घेण्याचा पर्याय पत्करतात. हा निर्णय रोगाने नव्हे, तर अंतराने घेतलेला असतो, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. जयंत वैद्य हे प्रमुख होत. (तंबाखूविरुद्ध झटलेले डॉ. शरद वैद्य हे त्यांचे वडील.) मुंबईच्या टाटा रुग्णालयात असताना शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनांची त्यांनी बारकाईने तपासणी केली. मूळ गाठीपासून दूरही रोगाचे सूक्ष्म अंश आढळले. परंतु रोग उलटतो तो बहुधा मूळ जागीच. मग किरण तेथेच का देऊ नयेत?

१९९८ साली लंडनमध्ये हा उपचार प्रथम झाला. गाठ काढल्यावर रुग्ण भुलीत असतानाच त्या पोकळीत गोल टोकाचे उपकरण बसवून साधारण अर्धा तास सौम्य क्ष-किरण देतात. ते थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत असल्याने हृदय व फुप्फुस बचावतात. पुढे ३,४५१ स्त्रियांवर चाचणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाठ काढतानाच हा उपचार झालेल्या गटात पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण २.११ टक्के, तर नेहमीच्या उपचारात ०.९५ टक्के होते. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. या आकड्यांच्या अर्थाविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

हा उपचार सरसकट सर्वांसाठी नाही. चाचणीतील स्त्रिया पंचेचाळीस वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या होत्या व त्यांची गाठ लहान, एकच होती. नंतरच्या तपासणीत धोका दिसल्यास संपूर्ण स्तनाला किरण द्यावेच लागतात. शिवाय हे यंत्र महागडे असून मोजक्याच रुग्णालयांत असते. आपल्याकडे मुळात गाठच उशिरा दाखवली जाते, आणि मोठ्या गाठीला ही सोय उपयोगी पडत नाही. तेव्हा न दुखणारी गाठ हाताला लागली, तरी भगिनींनी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.