राणीने पाट लावला असता तर?

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे गाव आज ठाऊक आहे ते चोरदरवाजाच्या वाटेमुळे. या गावातून निघालेला माणूस घामाघूम होऊन पद्मावती माचीवर पोचतो तेव्हा त्याला वाटते, केवढे हे अंतर! परंतु जुन्या काळी या गडाचा माथा आणि त्याचा पायथा यांच्यात आणखी एक अंतर होते आणि ते कोणत्याही वाटेने चढून जाता येण्यासारखे नव्हते. पायथ्याच्या कुणब्याच्या घरातील बाई विधवा झाली, तर तिला पाट लावता येत असे. रात्रीच्या वेळी, फारसा गाजावाजा न करता हा विधी होई. सरकारला त्याचे एवढे वावडे नव्हते की त्याने त्यातून उत्पन्न घेऊ नये. ‘पाटदाम’ नावाचा करच त्यावर बसवलेला असे. बालेकिल्ल्यावरच्या राजस्त्रीला मात्र ही मोकळीक नव्हती. सरदारकीची घराणी आणि ब्राह्मण यांच्यात पाट म्हणजे कुळाला बट्टा. म्हणजे सत्ता जसजशी वाढावी, तसतसा बाईचा हात बांधला जावा, असा हा न्याय होता.

असे नसते तर काय झाले असते? इतिहासकाराने ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या नादी लागू नये असे म्हणतात, आणि ते बहुतांशी खरेही आहे. पण या प्रश्नाने निदान एवढे तरी होते की जे घडले ते का घडले, हे नीट पाहावे लागते. युरोपात तर हा प्रश्न नुसता कल्पनेचा नव्हता. तिकडे विधवा सरदारीण पुन्हा कोणाशी लग्न लावते यावर देशाच्या सीमा ठरत.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील अ‍ॅन ही १४८८ साली वडील वारल्यावर वयाच्या बाराव्या वर्षीच त्या संस्थानाची धनीण झाली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स फौज घेऊन आला, आणि १४९१ साली तिला त्याच्याशी लग्न करावे लागले. करारात एक कलम असे घातले की राजा निपुत्रिक वारला तर अ‍ॅनने त्याच्या वारसाशीच लग्न करावे. बाई नव्हे, जणू गादीबरोबर येणारे सामानच! एप्रिल १४९८ मध्ये चार्ल्स एका दरवाजाच्या ठेंगण्या चौकटीवर डोके आपटल्याचे निमित्त होऊन वारला. मुले एकही हयात नव्हते. अ‍ॅन एकवीस वर्षांची होती. ती रडत बसली नाही. आपल्या मुलखात परत गेली, जुने कारभारी पुन्हा जागेवर बसवले, स्वतःच्या नावाचे सोन्याचे नाणे पाडले, आणि मग नव्या राजाशी बोलणे सुरू केले.

नवा राजा बारावा लुई आधीच विवाहित होता. पहिले लग्न रद्द ठरवायचे तर पोपची संमती हवी. अ‍ॅनने मुदत घातली : वर्षाच्या आत ते लग्न रद्द झाले तरच मी बांधील. येथे खरा ‘जर’ आहे. पोप सहावा अलेक्झांडर याने नकार दिला असता, तर ती मोकळी होती; तिने दुसऱ्या राजघराण्यातला नवरा पाहिला असता आणि ब्रिटनी कदाचित वेगळे राष्ट्र म्हणून राहिले असते. परंतु पोपला आपल्या मुलाची, सेझारे बोर्जियाची, सोय लावायची होती. त्याला फ्रान्समध्ये सरदारकी मिळाली, लुईला परवानगी मिळाली, आणि जानेवारी १४९९ मध्ये लग्न लागले. या वेळचा करार मात्र अ‍ॅनच्या कलाने झाला : ब्रिटनी फ्रान्सच्या गादीला न जोडता दुसऱ्या अपत्याकडे जावे. ते कलम पुढे पाळले गेले नाही. १५३२ साली ब्रिटनी फ्रान्समध्ये विलीन झाले.

आता आपल्याकडे येऊ. २४ फेब्रुवारी १६७० रोजी गुंजवण्याच्या माथ्यावरच्या याच राजगडावर राजारामांचा जन्म झाला. मार्च १७०० मध्ये ते सिंहगडावर वारले. त्या वेळी हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई सुमारे पंचवीस वर्षांची होती. शंभूराजांची पत्नी येसूबाई आणि शाहू हे १६८९ पासून मोगलांच्या कैदेत. औरंगजेब स्वतः सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेला. ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवले, सवत राजसबाई व तिचा मुलगा यांना बाजूला ठेवले, आणि लढा चालू ठेवला. शत्रूपक्षाचा असूनही खाफीखान त्यांची हुशारी आणि कारभाराची जाण मान्य करतो. १७०४ साली राजगड गेला, मागोमाग तोरणा गेला. पण औरंगजेब एक किल्ला घेई तोवर मराठ्यांच्या फौजा माळव्यापर्यंत धावून येत. १७०७ साली तो अहमदनगरला मेला आणि शाहू सुटून आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खेडला लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूने गेले आणि शाहूला मिळाले. तेथेच डाव फिरला.

या ठिकाणी कल्पना करणारा म्हणेल : १७०० साली ताराबाईंना अ‍ॅनप्रमाणे नवरा निवडण्याची मुभा असती, आणि त्यांनी सैन्य हाती असलेल्या एखाद्या सरदाराशी लग्न केले असते, तर खेडला तो फिरला नसता. बोलायला हे सोपे आहे. पण अ‍ॅनच्या हाती जे होते ते ताराबाईंच्या हाती नव्हते. ब्रिटनी अ‍ॅनच्या माहेरचे होते; तिच्या बापाकडून ते तिला मिळालेले. ती जेथे जाईल तेथे मुलूख तिच्यामागे जाई. ताराबाईंची सत्ता सासरची. ती त्यांना मिळाली होती गादीवरच्या मुलाची आई म्हणून. दुसरे लग्न केल्याक्षणी त्या भोसल्यांच्या राहिल्या नसत्या, आणि नव्या नवऱ्याला हुंड्यात एक बुरूजही मिळाला नसता. उलट सवतीच्या मुलाची बाजू आपोआप बळकट झाली असती. पायथ्याच्या कुणबिणीचेही तेच होते, हे विसरू नये. पाट लावून ती दुसऱ्या घरी गेली की पहिल्या नवऱ्याची जमीन आणि बहुधा मुलेही त्याच्या भाऊबंदांकडे राहत. १८५६ साली इंग्रजांनी विधवाविवाहाचा कायदा केला तेव्हा त्यानेही लग्नाला मोकळीक दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सोडवून घेतला. तेव्हा नुसती रूढी बदलून भागत नाही. वारशाचा नियमही बदलावा लागतो.

शिवाय सरदार तरी ते सहन करते काय? संताजी आणि धनाजी यांचे वैर राजारामांना आवरले नव्हते, आणि १६९७ साली संताजीचा त्यात बळी गेला. त्यांपैकी एकाला राणीचा नवरा केले असते, तर बाकीच्यांनी त्याला राजा म्हणून मुजरा केला असता, असे मला तरी वाटत नाही. आणि सावत्र बापाच्या हाती तो लहान राजा किती दिवस सुखरूप राहिला असता, हाही प्रश्नच.

कोणी म्हणेल, हे सारे हिंदू रूढीमुळे. तर चांदबिबीचे उदाहरण पाहा. अली आदिलशहा १५८० साली मारला गेला, तेव्हा तिला पुन्हा लग्न करायला धर्माची कसलीही आडकाठी नव्हती. तिने केले नाही. विजापुरात नवऱ्याच्या पुतण्यासाठी आणि पुढे अहमदनगरात भावाच्या नातवासाठी तिने कारभार केला, तटावर उभी राहून मोगलांशी झुंजली, आणि १६०० साली आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. वीस वर्षे ती विधवाच राहिली. मुभा असतानाही तिने ती वापरली नाही, कारण दख्खनेत बाईला मान मिळे तो मांडीवरच्या मुलामुळे; शेजारच्या नवऱ्यामुळे तो गेला असता.

म्हणून आपल्याकडे विधवा राणीची निवड नवऱ्याची नसे, मुलाची असे. युरोपात विचारीत, बाई कोणाला वरते. येथे विचारीत, बाई कोणाला मांडीवर घेते. ही निवडही जीवघेणी असे. १७१४ साली राजसबाईच्या पक्षाने ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले आणि आपला संभाजी गादीवर बसवला. पुढे १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी लपवून वाढवलेला नातू म्हणून रामराजाला पुढे केले. तो पेशव्यांच्या तंत्राने चालू लागताच १७५० साली त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा माझा नातू नव्हेच. त्यांतले खरे कोणते हा वाद इतिहासकारांना पुरून उरला आहे. १७६१ साली त्या वारल्या. एकसष्ट वर्षांचे वैधव्य, आणि त्यातला बहुतेक काळ ‘वारस कोण’ याच एका भांडणात गेला. इंदूरच्या अहिल्याबाईंनी यातून वेगळी वाट काढली. १७६७ साली मुलगा मालेराव गेल्यावर दत्तक घेण्याचा आग्रह त्यांनी मानला नाही. तुकोजी होळकरांना फौजेचा कारभार दिला आणि दौलत स्वतः सांभाळली. नवराही नाही, मुलगाही नाही, सेनापती निवडला.

आपल्या या खोऱ्यातलेच एक उदाहरण राहिले. शंकराजी नारायण सचिव हे ताराबाईंचे खंदे पुरुष. शाहू आले तेव्हा एकीकडे घेतलेली शपथ आणि दुसरीकडे धनी, अशा कात्रीत सापडून १७०७ साली भोरजवळच्या आंबवड्याला त्यांनी आपण होऊन देह ठेवला. मागे राहिली ती पत्नी आणि अगदी लहान मुलगा नारो शंकर. ब्राह्मणाच्या घरची विधवा; पाटाचा शब्दही तिच्या कानी पडायचा नाही. शाहूंनी सचिवपद त्या पोराच्याच नावे कायम केले आणि आईच्या नजरेखाली कारभार चालू लागला. पुढे हिंगणगावच्या दमाजी थोराताने या बालसचिवाला पकडून नेले. थोरात म्हणजे बेलभंडाराची शपथ घेऊन ती मोडणारा माणूस; बेल हा झाडाचा पाला आणि भंडारा ही रोजची हळद, असे म्हणायला त्याला काही वाटले नाही, अशी त्याची ख्याती आहे. बाळाजी विश्वनाथांनी मुलाची सुटका केली. त्या आईने उपकाराची फेड म्हणून सचिवांकडचा पुरंदर किल्ला पेशव्यांच्या कुटुंबाला आसऱ्यासाठी दिला. पुणे प्रांतात पेशव्यांचे पाऊल घट्ट रोवले गेले, त्याच्या मुळाशी या बाईची ही एक देणगी आहे. आणि सचिवांचे घराणे भोरला नांदत राहिले ते ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत.