'पोकेमॉन'ची पहिली स्पर्धा : साठ पत्त्यांची पूर्वतयारी

विशेष प्रतिनिधी

सोसायटीच्या जिन्यात मित्रांशी खेळताना एखादा पत्ता चुकून दोनदा उचलला गेला, तर फार तर भांडण होते. स्पर्धेच्या टेबलावर त्याच चुकीची नोंद होते आणि ती पुन्हा घडल्यास हातातला डावही जाऊ शकतो. 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम'च्या पहिल्याच स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूला, मग तो आठ वर्षांचा असो वा अठ्ठावीस, हा फरक बहुधा तिथे पोहोचल्यावर उमगतो. खेळ येतो, परंतु स्पर्धा खेळता येत नाही, अशी त्याची अवस्था होते.

संग्रह करायचा, देवाणघेवाण करायची आणि त्याच पत्त्यांनी खेळायचेही, हा प्रकार रूढ केला तो रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने. त्यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत आला. 'पोकेमॉन'चे पत्ते १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये निघाले. भारतीय घरांत पिकाचू शिरला तो २००३ मध्ये, कार्टून नेटवर्कवरून. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज कमावती झाली असून, मुलांच्या निमित्ताने स्वतःही पत्ते विकत घेऊ लागली आहे.

नेहमीच्या बावन्न पत्त्यांच्या कॅटपेक्षा इथला मूलभूत भेद असा, की कॅट खेळाडूने स्वतः बांधून आणायचा असतो. त्याला 'डेक' म्हणतात. त्यात बरोबर ६० पत्ते हवेत. ५९ चालत नाहीत आणि ६१ ही चालत नाहीत. मूळ एनर्जीचे पत्ते वगळता एकाच नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. सुरुवातीला हाती सात पत्ते येतात आणि सहा पत्ते 'प्राइझ' म्हणून पालथे बाजूला ठेवले जातात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातला एक उचलायचा. काही बलाढ्य पोकेमॉन बाद झाल्यास दोन वा तीन. सहाही प्राइझ उचलणारा जिंकतो. समोरच्याकडे पटावर पोकेमॉनच उरला नाही, किंवा पाळी सुरू होताना उचलायला पत्ताच शिल्लक नसला, तरीही डाव संपतो.

नवख्या खेळाडूची पहिली चूक होते ती डेक बांधताना. आवडलेला प्रत्येक पत्ता एकेक करून त्यात कोंबला जातो. यामागचे गणित पाहण्याजोगे आहे. साठांत एकच प्रत असलेला पत्ता पहिल्या सातांत येण्याची शक्यता १२ टक्क्यांहूनही कमी असते. चार प्रती असल्या की ती सुमारे ४० टक्के होते. शिवाय एकुलता एक पत्ता प्राइझमध्ये अडकून पडण्याची शक्यता दहात एक. पहिल्या सातांत एकही 'बेसिक' पोकेमॉन नसेल, तर हात दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला जादा पत्ता घेता येतो. डेकमध्ये दहा बेसिक असले, तरी साधारणतः चारांतून एकदा ही पाळी येते. म्हणूनच अनुभवी खेळाडूंचे डेक दिसायला कंटाळवाणे असतात. तेच ते पत्ते तीन-तीन, चार-चार आणि निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक 'ट्रेनर', म्हणजे हवा तो पत्ता शोधून देणारे वा नवे पत्ते उचलू देणारे. एनर्जीचा पत्ता पाळीगणिक एकदाच लावता येतो, त्यामुळे वीस-बावीस एनर्जी भरून फारसा लाभ होत नाही. पहिल्या स्पर्धेसाठी तयार मिळणारा 'लीग बॅटल डेक' घेऊन त्यात चार-सहा पत्ते बदलणे, हा मार्ग पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचवतो. बूस्टर पाकिटे फोडून डेक जमवण्याच्या नादात मात्र घरचे अंदाजपत्रक कोलमडते.

मात्र तयार डेकही वर्ज्य ठरू शकतो. 'स्टँडर्ड' प्रकारच्या स्पर्धेत पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यातील इंग्रजी अक्षर पाहिले जाते; जुन्या अक्षरांचे पत्ते वेळोवेळी बाद होतात. त्यामुळे नोंदणीपूर्वी चालू अक्षरे आयोजकांकडून जाणून घ्यावीत. जगज्जेत्यांच्या डेकच्या ज्या प्रतिकृती विकल्या जातात, त्यांची पाठ वेगळी असल्याने त्या स्पर्धेत चालत नाहीत.

याहून दुःखद प्रकार बनावट पत्त्यांचा. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणारे सोनेरी, चकचकीत प्लास्टिकचे पत्ते मुलांना प्राणप्रिय असतात. स्पर्धेत त्यांची किंमत शून्य. साध्या कागदी पत्त्यांतही नकला असतात. अस्सल पत्त्याच्या दोन थरांमध्ये काळसर पापुद्रा असतो, त्यामुळे मागून विजेरी धरली तर तो नकलेच्या तुलनेत कमी प्रकाश आरपार जाऊ देतो. पाठीवरच्या निळ्या रंगाची छटा आणि अक्षरांची जाडीही खात्रीच्या पत्त्याशी ताडून पाहावी. ही तपासणी घरी, आठवडाभर आधी व्हायला हवी. नोंदणीच्या रांगेत मुलाचा लाडका पत्ता खोटा ठरला, तर त्याची समजूत घालायला पालकांकडे ना वेळ असतो ना शब्द.

सराव कशावर करावा, याबाबतही गल्लत होते. २०२४ मध्ये आलेले 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' हे मोबाइल ॲप लोकप्रिय आहे. पण त्यात डेक २० पत्त्यांचा आणि डाव तीन गुणांचा. स्पर्धेच्या नियमांशी जुळते ते २०२३ चे 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह'. तेही पुरेसे नाही. संगणक पत्ते आपोआप पिसतो, इजा मोजतो, नियमबाह्य खेळी करूच देत नाही. टेबलावर हे सारे स्वतः करावे लागते आणि फेरीची मर्यादा, एका डावाची असल्यास, सहसा ३० मिनिटांची. वेळ संपून निकाल लागला नाही, तर साखळी फेरीत बरोबरी. विजयाला ३ गुण, बरोबरीला १; म्हणजे दोन बरोबऱ्या मिळूनही एका विजयाची भरपाई होत नाही. घड्याळ लावून प्रत्यक्ष दहा-पंधरा डाव खेळणे, हाच त्यावरचा उपाय.

पिसण्याचीही तयारी लागते. पत्त्यांचे सात ढीग घालून ते एकावर एक ठेवणे म्हणजे पिसणे नव्हे. त्याने फक्त पत्ते मोजले जातात. बावन्न पत्ते नीट मिसळण्यासाठी दोन भाग एकमेकांत गुंफण्याची क्रिया सुमारे सात वेळा करावी लागते, असे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले होते. साठांनाही तोच मापदंड पुरावा. पिसून झाल्यावर डेक प्रतिस्पर्ध्याला कापायला द्यायचा. त्यात अविश्वास नाही, शिष्टाचार आहे. सर्व पत्त्यांना एकसारखी, न चुरगळलेली प्लास्टिकची वेष्टने, म्हणजे 'स्लीव्ह', हवीत. एखाद्याच वेष्टनाचा कोपरा दुमडला असेल, तर तो खुणेचा पत्ता ठरू शकतो. दहा-बारा जादा स्लीव्ह जवळ असाव्यात. इजा मोजण्यासाठी फासे वा सोंगट्या, एक नाणे, पाण्याची बाटली आणि डबा. डेकची यादी मागितली असल्यास ती आदल्या रात्री, पत्ते समोर ठेवून लिहावी. यादी आणि डेक यांत तफावत निघाली, तर पट मांडण्याआधीच डाव गमावण्याची वेळ येऊ शकते.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांना फेऱ्यांची रचना परिचित वाटेल. १८९५ मध्ये झुरिचला प्रथम वापरलेली स्विस पद्धतच इथेही आहे. हरलेला बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ साधारण तितक्याच गुणांच्या खेळाडूशी पडते. ३२ जण असतील तर पाचएक फेऱ्या होतात. पहिले दोन डाव हरून रडवेल्या झालेल्या मुलाला घरी नेण्याची घाई पालकांनी करू नये ती यासाठीच. त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी तिसऱ्या फेरीपासून भेटू लागतात. गट जन्मवर्षानुसार ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे असतात. मात्र छोट्या स्पर्धांत ते एकत्र खेळवले जाणेही संभवते.

शंका आली की हात वर करून पंचांना बोलवावे. अनेक नवोदित संकोचतात आणि अनुभवी प्रतिस्पर्धी सांगेल तो नियम मान्य करतात. पंच मागाहून बहुतेक चुका दुरुस्त करू शकत नाहीत. फासा टाकून निकाल ठरवणे किंवा बक्षीस वाटून घेण्याच्या बोलीवर डाव सोडणे, हे मात्र गंमत म्हणूनही करू नये. त्याची परिणती थेट हकालपट्टीत होऊ शकते.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात पत्त्यांची देवाणघेवाण रंगते. लहान मुलाने भाव न पाहता मौल्यवान पत्ता देऊन टाकण्याचा धोका असतो, तेव्हा मोठ्यांना विचारल्याविना अदलाबदल नाही, हे घरूनच ठरलेले बरे. निघण्यापूर्वी निकाल योग्य नोंदला गेला आहे ना हे पाहावे आणि डेक पुन्हा एकदा मोजावा. आपला एखादा पत्ता समोरच्याच्या ढिगात गेलेला असणे, ही नित्याची गोष्ट आहे.