पाव मिलिग्रॅमची गोळी

सांगलीच्या विश्रामबागेत कुठल्याही मेडिकलवर ‘टेन्शनची गोळी द्या’ म्हटलं, की दुकानदाराने आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागायला हवी. या गोळीतलं औषध, अल्प्राझोलाम, शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे. 2014 पासून ही गोळी विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही 3 वर्षं ठेवावी लागते. 0.25 मिलिग्रॅमच्या गोळीला एवढा बंदोबस्त कशाला, हे तिचं काम पाहिलं की कळतं.

मेंदूतल्या पेशींना आवरणारं एक रसायन असतं, गाबा. अल्प्राझोलाम या गाबाचा जोर वाढवते. पेशीत क्लोराइडचे कण जास्त शिरतात आणि ती पटकन उत्तेजित होत नाही. अर्ध्या-एक तासात छातीतली धडधड, हातांची थरथर ओसरू लागते. उतारही लवकर: साधारण 11-12 तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं. परीक्षेच्या आदल्या रात्री वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजच्या मुलाला हा चमत्कारच वाटेल. पण आवर घालताना गोळी भीती आणि स्मरणशक्ती असा भेद करत नाही. ती घेऊन वाचलेलं डोक्यात नीट राहत नाही.

गुंगी येते, तोल जातो. गोळी घेऊन सांगली-मिरज रस्त्यावर दुचाकी काढू नये. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडून घेतो. दारूबरोबर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. त्यांच्यामुळे अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघत नाही आणि तेवढ्याच गोळीचा अंमल कितीतरी वाढतो. त्वचेच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं.

खरी अडचण काही आठवड्यांनी येते. शरीर सरावतं, तीच गोळी पुरेनाशी होते. एकदम बंद केली तर झोप उडते, घाबरायला होतं, क्वचित फिट येते. ‘आजार उलटला’ समजून माणूस पुन्हा गोळी सुरू करतो, आणि इथेच फसतो. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचा, कधीकधी महिनोन्‌महिने.

चिंतेचा आजार जुना असेल तर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन बरी, असं बहुतेक मनोविकारतज्ज्ञ सांगतील. या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होते, काहींची कामेच्छा घटते, आणि याही गोळ्या मनाने थांबवायच्या नसतात. माझ्या मते लोक इथेच कंटाळतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडतात. व्यासपीठावर उभं राहण्याच्या भीतीपुरतं प्रोप्रानोलोल चालतं, दमेकऱ्यांना मात्र नाही. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी गोळ्यांच्या तोडीची आहे आणि तिचा गुण टिकतो. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत, मराठीतून बोलता येतं.

थायरॉईड वाढल्यावरही अशीच धडधड होते, हात कापतात. म्हणून थायरॉईडची रक्ततपासणी पहिल्या चिठ्ठीआधी करून घ्यावी.